विझलेल्या भट्ट्या आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात सध्या एकच विषय आहे, नवीन महाबळेश्वर. सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील २३५ गावे, म्हणजे सुमारे १,१५३ चौरस किलोमीटरचा प्रदेश, राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आणून तिथे नवे गिरिस्थान उभे करण्याची ही योजना. दुसरीकडे केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना काढली. तिसरीकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, ज्यात साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळा तालुक्याला लागून असलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान येते. ताडोब्याकडची वाघीण इथे आणून सोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. रिसॉर्ट येणार, वाघ येणार, रस्ता येणार. या सगळ्यात डोंगरावर राहणारा माणूस नकाशावर कुठे आहे, हा प्रश्न चर्चेत शेवटी येतो. त्यातही वाडीच्या टोकाला चार-सहा घरांची बौद्धवस्ती असेल तर तिचा उल्लेखच होत नाही.

म्हणून आज एका जुन्या धंद्याबद्दल लिहितो. विषय आडबाजूचा वाटेल, पण तो थेट आपल्या सातबाऱ्यापर्यंत येतो.

महाबळेश्वरचे नाव घेतले की स्ट्रॉबेरी, पॉइंट आणि मधुचंद्र आठवतो. याच डोंगरावर एकेकाळी लोखंड तयार होत होते. डोंगरमाथ्यावर काळ्या बसाल्टवर जांभ्याचा थर आहे. हा जांभा लोहयुक्त. त्यातला जड, तांबडसर दगड वेचायचा किंवा उथळ खड्डे खणून काढायचा, फोडून बारीक करायचा आणि मातीच्या भट्टीत लोणारी कोळशाबरोबर थर देऊन जाळायचा, ही त्या काळची पद्धत. चामड्याचे भाते अखंड चालले पाहिजेत. भट्टी फोडल्यावर खाली कच्च्या लोखंडाचा गोळा मिळे, उरलेले कीट बाहेर टाकले जाई. गोळा पुन्हा तापवून ठोकायचा, घाण काढायची, मग तो लोहाराकडे जायचा.

हे काम करणारे लोक म्हणजे धावड. लोहदगडाला मराठीत धाऊ म्हणत, बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात. हे शब्द एकाच घरातले दिसतात. साताऱ्याच्या डोंगरावरचे धावड धर्माने मुसलमान. कोल्हापूर संस्थानच्या डोंगरपट्ट्यातही धावड होते. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरचा एकोणिसावा खंड १८८५ साली निघाला. त्यात त्यांची नोंद आहे, पण ती आधी लोखंड करणारे म्हणून. तोपर्यंत भट्ट्या विझल्या होत्या आणि माणसे मजुरीकडे वळली होती.

भट्ट्या विझल्या कशाने? लोहदगड संपला म्हणून नव्हे. तो डोंगर अजून तिथेच आहे. कोळसा बंद झाला म्हणून. या पद्धतीने थोडे लोखंड काढायला त्याच्या कित्येक पट कोळसा लागतो, आणि कोळसा म्हणजे झाड. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले, राखीव झाले. झाड तोडणे गुन्हा झाला. त्याच वेळी विलायती लोखंड स्वस्तात बंदरावर उतरत होते. एका बाजूने कच्चा माल बंद, दुसऱ्या बाजूने बाजार बंद. कारागिराला हाकलून लावायला पोलीस पाठवावे लागले नाहीत.

इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. लोखंडाची भट्टी जंगल खाते, हे खरे आहे. पण त्याच डोंगरावर गोऱ्या साहेबांसाठी बंगले, रस्ते आणि बाजारपेठ उभी राहत होती. गव्हर्नर माल्कम यांनी १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगर घेतला आणि बाजाराला स्वतःचे नाव दिले, माल्कमपेठ. या वसाहतीच्या उभारणीत चिनी कैदीसुद्धा राबले. भाजीपाला पिकवण्याचे त्यांचे श्रेय आजही गाइड कौतुकाने सांगतात, ते बेडीत होते हे कमी सांगतात. रेल्वेच्या स्लीपरसाठी देशभर जे लाकूड पडले ते कोणत्या हिशेबात धरायचे? जंगल वाचवायचे होते हे मान्य केले, तरी कोणाची कुऱ्हाड थांबवायची आणि कोणाची चालू ठेवायची, हा निर्णय सत्तेचा होता.

हा घाव ज्यांनी त्याच काळात ओळखला ते महात्मा फुले. त्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, म्हणजे सातारचेच. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी वनखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, गायराने आणि पडीक रान खात्याच्या घशात गेल्यामुळे गरिबाला शेळी चारायलाही जागा उरली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पर्यावरणाचा प्रश्न हा शहरी, सुखवस्तू लोकांचा विषय आहे असे आपल्यातले काही कार्यकर्ते अजून मानतात. त्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडावे.

आता कोणी विचारेल, धावड मुसलमान, त्यांच्या भट्टीशी आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला श्रमाचा. गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. त्याला ऐरण होती, बलुते होते, गावात जागा होती. दगड खणणारा, कोळसा पाडणारा, भट्टीसमोर उभा राहणारा मात्र गावगाड्याबाहेर. आणि आपले पूर्वज? महार वतनाच्या नावाखाली सरकारी अंमलदार आला की सरपण आण, ओझे वाहा, निरोप पोचव, सीमेचा वाद झाला की शिवेवर उभा राहा. सीमा दाखवण्याचे काम त्यांचे, पण सीमेच्या आतली चांगली जमीन दुसऱ्याची. जातिव्यवस्थेने कामाची नव्हे तर कामगारांची वाटणी केली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. लोखंडाच्या एका विळ्याचा प्रवास पाहिला तरी ते कळते. दगडापासून विळ्यापर्यंत चार-पाच हात लागतात आणि त्यातला एकही हात दुसऱ्याच्या घरी जेवत नाही.

या वाटणीला धक्का कुठे बसला? सांगलीकडे पाहा. जुन्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे हा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा सामायिक आहे. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. लोखंडी नांगर हे त्याचे गाजलेले उत्पादन. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला. ज्या सह्याद्रीत कधीकाळी घरचे लोखंड निघत होते, तिथे अर्ध्या शतकाने लोखंडासाठी तोफा मोडाव्या लागल्या, यापेक्षा वसाहतवादाचे सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही. कारखान्याच्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. एकाच छताखाली, एकाच भोंग्यावर काम करणारा कामगार ही नवी गोष्ट होती. कारखान्याने जात मोडली असे म्हणायचे धाडस मी करणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला का घेत नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे.

बाबासाहेब कामगारमंत्री झाले तेव्हा ही सगळी पार्श्वभूमी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावावर रोखपाल होते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या मजुरीचा हिशेब ज्या घरात होत होता, त्या घरातला मुलगा १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सभासद झाला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कल्पना साधी होती. खाणीतून जे बाहेर जाते त्याच्यावर उपकर लावायचा आणि तो पैसा कामगारांच्या घरांवर, दवाखान्यांवर, पाण्यावर, शाळांवर खर्च करायचा. युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी सरकारने उठवली, त्याचा बचावही मजूर सभासद म्हणून त्यांना विधिमंडळात करावा लागला. तिथे त्यांनी समान कामाला समान मजुरीचा मुद्दा लावून धरला. ही बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. हा प्रसंग आपण टाळून जातो, टाळू नये. सत्तेत बसलेल्या माणसाला काय काय निभावावे लागते ते त्यातून समजते.

त्याच कल्पनेवर पुढे १९४६ चा अभ्रक खाणींचा, १९६१ चा लोहखनिज खाणींचा आणि १९७६ चा लोह, मँगनीज व क्रोम खाणींचा कल्याण उपकर कायदा आला. आणि २०१६ च्या वित्त कायद्याने लोहखनिजावरचा हा उपकर बंद झाला. योजना कागदावर राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा झरा आटला. आता त्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर. बाबासाहेबांच्या नावाने जयंतीला भाषणे करणाऱ्या किती खासदारांनी त्या दिवशी तोंड उघडले?

त्याऐवजी आता जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ते आले. जुन्या खाणपट्टेधारकाने स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातून आलेल्याने १० टक्के रक्कम त्यात भरायची. रक्कम लहान नाही. पण दोन्हींत फरक आहे. जुना निधी कामगाराचा होता, त्याच्या नावाने. नवा निधी जिल्ह्याचा आहे, ‘बाधित क्षेत्राचा’. तो पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांच्या टेबलावरून वाटला जातो. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागड हे याचे मोठे उदाहरण. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला, २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली वाहने जाळली, २०२१ पासून उत्खनन जोमात सुरू झाले. माडिया आदिवासींचे ठाकुरदेवाचे स्थान त्या डोंगरावर आहे, आणि पेसा व वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला विचारले का, हा तिथला मूळ प्रश्न. तिकडे खनिज आहे म्हणून माणूस अडचणीत आला. आपल्याकडे खनिज सोडून दिले, तरी माणूस अडचणीतच राहिला. कारण खाली खनिज असो वा वर निसर्गसौंदर्य, डोंगर कोणाचा हे ठरवताना त्याला विचारले गेले नाही.

साताऱ्याच्या डोंगरात हे एकदा घडले नाही. भट्ट्या गेल्या. मग कोयना धरण आले आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातली हजारो कुटुंबे उठली. त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसन आजही अपुरे आहे, श्रमिक मुक्ती दलाची आंदोलने आपण पाहतोच. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. चांदोलीतली गावे उठली. २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला. आता नवीन महाबळेश्वर. बामणोली, तापोळा, कांदाटी खोरे ही नावे पर्यटनाच्या जाहिरातीत येतात तेव्हा लक्षात ठेवा, हा बुडालेल्या गावांचा काठ आहे.

दुसरा संबंध इथे सुरू होतो, तो पुराव्याचा.

२००६ च्या वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे हक्कदार आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. बाकी सर्व ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यांनी त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, पिढी २५ वर्षांची, म्हणजे एकूण ७५ वर्षे आपण जंगलावर अवलंबून राहत होतो, हेही सिद्ध करायचे. थेट डिसेंबर १९३० पर्यंत मागे जायचे. बौद्ध, धावड, धनगर, मराठा, सगळे या दुसऱ्या रांगेत. मराठा कुणब्याकडे निदान जुना खाते-उतारा असतो. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याच्याकडे जमिनीचा कागद कुठून येणार? १९३० साली महारवाड्यातल्या कोणत्या माणसाच्या नावे घरठाणाची नोंद होती?

दावे फेटाळले जातात ते इथे. ‘७५ वर्षांचा पुरावा नाही’ हे एक वाक्य शेरा म्हणून पुरेसे ठरते. कायदा मात्र इतका कंजूष नाही. नियम १३ मध्ये पुराव्याची लांब यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याचे कार्य आयोजन आराखडे चालतात. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन चालते. घर, बांध, विहीर चालते. सामूहिक दाव्यात जुन्या बांधकामांचे अवशेष, देवराई, तळी, दफनभूमी आणि स्मशानभूमी चालते. ग्रामसभेने एकापेक्षा जास्त पुरावे पाहायचे एवढीच अट. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला विशिष्ट कागदाचाच आग्रह धरता येत नाही. ७५ वर्षांची अट वास्तव्याची आणि अवलंबित्वाची आहे, नेमक्या त्याच तुकड्याच्या ताब्याची नाही. हे ज्या तरुणाला तोंडपाठ असेल त्याच्यासमोर शेरा मारताना कारकून दोनदा विचार करील.

धावडांचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. त्यांच्याकडे शेतीचे कागद कमी असतील, पण ज्या सरकारने त्यांचा धंदा मोडला त्याच सरकारच्या गॅझेटियरने त्यांचे डोंगरावरचे अस्तित्व छापून ठेवले. आणि जिथे भट्टी होती तिथे कीट असते. ते कुजत नाही, काळेभोर, जड खडे शतकानुशतके पडून राहतात. डांबरी रस्त्याच्या खडीत किंवा रिसॉर्टच्या भरावात ते गेले की एक पुरावा कायमचा गेला. नकाशावर खूण करून, फोटो काढून, पंचनाम्यात नोंदवून ठेवण्याची ही वेळ आहे, जेसीबी येण्याआधीची.

आपल्या वस्त्यांपुढे यात एक खास अडचण आहे आणि ती फारशी कोणी बोलत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन भीमनगर, समतानगर आले. निर्णय योग्यच होता. त्या नावाचा अपमान पिढ्यान्‌पिढ्या आपणच सोसला. पण १९३० च्या नकाशात, गावठाणाच्या नोंदीत, शाळेच्या रजिस्टरात जुनेच नाव आहे. नवे नाव आणि जुने नाव एकाच जागेचे आहे हे दाखवणारा ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात नीट नसेल, तर उद्या दावा तपासणारा अधिकारी म्हणेल, भीमनगर नावाची वस्ती १९३० साली नव्हतीच. तसेच १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी नावे, आडनावे बदलली. आजोबाचा शाळा-दाखला एका आडनावाचा, नातवाचे आधार कार्ड दुसऱ्या. वंशावळीचे शपथपत्र आणि नावबदलाचे कागद आत्ताच जुळवले नाहीत, तर आपल्या मुक्तीचा दिवसच तांत्रिक त्रुटी म्हणून पुढे केला जाईल.

आणखी एक. गावपातळीवरच्या वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात. आदिवासी असतील तिथे त्यांना दोन तृतीयांश, महिलांना किमान एक तृतीयांश जागा. अनुसूचित जातीसाठी किंवा बौद्धांसाठी राखीव जागा नाही. चार घरांच्या वस्तीतून कोणी समितीत गेलेच नाही तर सामूहिक वनहक्काच्या दाव्यात आपली स्मशानभूमी, आपला पाणवठा, सरपणाची वाट लिहिली जाणार नाही. सामूहिक दावा एकदा मंजूर झाला आणि त्यात पाणवठा नसला, तर पुढचे भांडण गावाशी असेल, सरकारशी नव्हे. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा इथल्या ज्या गावांत अजून दावे दाखल व्हायचे आहेत किंवा फेरतपासणीला आले आहेत, तिथे ग्रामसभेच्या तारखा माहीत करून घेणे आणि महिलांसह हजर राहणे हे काम कोणत्याही मोर्चाइतके मोठे आहे. गणपूर्तीला निम्मी उपस्थिती लागते. डोंगरातली निम्मी माणसे मुंबईत असतात, त्यामुळे चार घरांचे मत तिथे खरेच मोजले जाते.

मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यात वाटा उचलता येईल. पुणे पुराभिलेखागारात आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जुने दप्तर आहे, गॅझेटियर आता संकेतस्थळावर वाचायला मिळते. प्रत्येक वाडीसाठी दोन-तीन नोंदी शोधायच्या, प्रमाणित प्रत काढायची आणि ती वस्तीतल्या माणसाच्या हातात द्यायची. ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांचे निवेदन याच उन्हाळ्यात लिहून, वाचून दाखवून, अंगठा घेऊन ठेवायचे. धावडांच्या वस्तीतही जायचे. तेही त्याच रांगेत उभे आहेत आणि त्यांच्याकडचा कीटाचा ढिगारा कदाचित आपल्याच गावच्या सामूहिक दाव्याचा पुरावा ठरेल.